नुसती लाल खूण

प्रिय धाकट्या,

पाकीट जड लागलं म्हणून तू ते कानाशी हलवून बघितलं असशील. आत जे खुळखुळतंय ते तूर्त तसंच राहू दे. आधी पत्र वाच, आणि क्रमानं वाच. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या खेपेला तसं केलंस तर नुकसान तुझंच. घरी सगळं ठीक आहे. बाबांची साखर आणि रक्तदाब दोन्ही त्यांच्या स्वभावापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत. गेल्या रविवारी त्यांनी आपण होऊन तुला फोन केला, तिकडे ऊन पडलंय का एवढंच विचारलं आणि ठेवून दिला, तेव्हा तू घाबरून लगेच मला फोन केलास, की त्यांना काही होतंय का. होत काही नाही. पण झालंय मात्र बरंच, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण तो विषय निघाला की तू फोन बायकोच्या हातात देतोस. पत्र तसं देता येत नाही. मी गेले आठ दिवस इतकी हलकी झाले आहे, की वर्गातली मुलं माझ्याकडे संशयानं बघतात. परवा संस्कृतच्या तासाला एकानं धातू चुकीचा चालवला आणि मी नुसती हसले, तर त्याला घाम फुटला.

तर मुख्य वार्ता अशी, की तुझी ताई वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायला लागली आहे. हसून घे, मी थांबते. झालं? मध्यंतरी वायपर मोडला आणि आमचे मेकॅनिक नेमके दोन आठवडे परगावी. म्हणून गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक काढलं. नऊ वर्षं ते कप्प्यात कोरं करकरीत पडून होतं. वाचायला घेतलं आणि थक्क झाले. अरे, तो चक्क सूत्रग्रंथ आहे! क्रियापद शक्यतो नाहीच, असलं तर आज्ञार्थी, आणि मागचं कलम पाठ नसेल तर पुढचं कळू द्यायचं नाही असा ग्रंथकर्त्याचा निर्धार. असल्याच पुस्तकांवर माझी तरुण वर्षं खर्ची पडली; मला कसली धास्ती? वायपर बसला. मग एअर फिल्टर बदलला. मग हॉर्न. हॉर्नच्या बाबतीत किंचित पाठभेद झाला आणि दोन दिवस दार उघडलं की तो आपोआप वाजायचा, त्यामुळे मी शाळेतून आल्याचं बाबांना आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना एकाच वेळी कळायचं. पण तेही निस्तरलं.

मेकॅनिक परत आले तेव्हा मी त्यांच्यापुढे गुन्हेगारासारखी उभी राहिले. मी त्यांना मनातल्या मनात वैद्यबुवा म्हणते. ते स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटतात, आणि रोग सांगायच्या आधी पथ्य सांगतात. फिल्टर बसवून झाल्यावर माझ्याकडे एक स्क्रू उरला होता. सूत्रात एक अक्षर जास्तीचं नसतं एवढं मला कळतं, त्यामुळे दोन दिवस घास गोड लागला नव्हता. त्यांनी तो स्क्रू उलटासुलटा करून पाहिला आणि सावकाश खिशात टाकला. म्हणाले, “बाई, हा तुमचा नाही. मागच्या खेपेला माझ्याकडून राहिला होता.” त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

घरी करावं की त्यांच्याकडे द्यावं, यावर आमचा बराच वाद झाला. मी म्हटलं, माझ्याच गाडीच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नसावं याची लाज वाटते. त्यांना ते मान्य. पण त्यांचं म्हणणं असं, की उघडणं कुणालाही जमतं, परत लावणं हे काम, आणि लावल्यावर ते विसरून जाता येणं ही खरी विद्या. घरी करणाऱ्याला विसरणं जमत नाही. तो पुढे रस्ताभर आपण लावलेला तो एकच नट ऐकत बसतो. लोक आम्हाला पैसे देतात, बाई, ते त्या ऐकण्यातून सुटायला. हे ऐकलं आणि मला तू आठवलास. पाना खाली ठेवून मी हात पुसायला लागले, तर त्यांना वाटलं वाद जिंकला.

तुझे अहवाल मला वेळच्या वेळी पोचतात, हे तुला माहीत असू दे. सायकलच्या चाकात हवा भरायलाही तू ती ढकलत दुकानात नेतोस. दाराची कडी सैल झाली की सुतार बोलावतोस. लेकीनं पंक्चर झालेलं चाक कसं बदलायचं विचारलं, तर तिला मदतकेंद्राचा नंबर पाठ करायला लावलास आणि परीक्षा घेतलीस. वर फोनवर मला ऐकवतोस, ज्याचं काम त्यानं करावं. तुझ्या बायकोची प्रामाणिक समजूत आहे, की हाताचं काम नवऱ्याला जन्मजात येत नाही. मी ते ऐकून घेते. ज्या पोरानं चौदाव्या वर्षी मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटरचे चौतीस तुकडे केले आणि संध्याकाळपर्यंत ते परत एक केले, त्याला म्हणे येत नाही.

तेव्हाचं घर आठवतं ना? बाबा कधी गॅरेजची पायरी चढले नाहीत. दिवसभर ऑफिसात नकाशे काढायचे आणि रविवारी गाडीखाली शिरायचे, आणि दोन्हीकडे रेघ तेवढीच सरळ. त्यांचा तो नियम मी अजून मुलांना शिस्तीचं उदाहरण म्हणून सांगते: चाकाचा नट पान्यानं शेवटचा आवळला, की त्यावरून चाकापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि ज्याचा हात शेवटचा, त्याचा रंग. बाबांचा पांढरा. तुला पांढरा वापरायची परवानगी नव्हती, म्हणून तू माझी लाल नेलपॉलिश पळवलीस, आणि मी ओरडले तर म्हणालास, तुझ्या नखांपेक्षा गाडीला शोभते. तू केलेलं काम बाबा पुन्हा उघडून तपासायचे, आवळायचे आणि लालवर पांढरी रेघ ओढायचे. बोलायचे काही नाहीत. ती रेघ म्हणजेच उत्तीर्ण.

आता पुढचं लिहिते ते तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण क्रम महत्त्वाचा आहे. तुझ्या परीक्षेचा दिवस. पहाटे उठून पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक तू पहिल्यांदाच एकट्यानं केलेस, चारी नटांवर लाल रेघा ओढल्यास आणि पेपरला गेलास. दुपारी बाबा गाडी घेऊन निघाले आणि पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर तेच चाक निखळलं. गाडी भिंतीवर, बाबांचा गुडघा कायमचा ताठ. संध्याकाळी तू त्या उतारावर गेलास, गवतात हात घालून घालून एक नट शोधलास, दवाखान्यात येऊन तो बाबांच्या उशाशी स्टुलावर ठेवलास, पाण्याच्या भांड्याशेजारी. कुणीच काही बोललं नाही. महिन्याभरात तुला दूरची नोकरी लागली. त्यानंतर तू घरी येतोस ते पाहुण्यासारखा, परतीचं तिकीट खिशात घालून.

मला वर्षानुवर्षं काही कळलं नव्हतं. मला वाटायचं नोकरी चांगली आहे, दुसरं काय. आई गेली तेव्हा मागच्या पायरीवर बसून तू पहिल्यांदा आणि शेवटचं सांगितलंस, “ताई, त्या नटावर नुसती लाल खूण होती. माझ्यानंतर कुणाचा हात लागला नव्हता.” आणि म्हणालास, बाबांनी त्यानंतर पान्याला हात लावला नाही, सगळं गॅरेजला देतात, माझ्यामुळे त्यांचा घरच्या कामावरचा विश्वासच गेला. मी म्हटलं, अरे, गुडघा वाकत नाही त्यांचा. तू मान हलवलीस. मी म्हटलं, एकोणीस वर्षांचा होतास. तू त्यालाही मान हलवलीस. मग बाबांकडे हा विषय काढणार नाही असं तू माझ्याकडून वदवून घेतलंस, आणि अकरा वर्षं मी ते पाळलं. तू सांगितलेलं मी खरं धरलं, याची आता मला फार शरम वाटते. पण लाल खूण होती, नुसती लाल होती, आणि त्या घरात वाढलेल्या माणसाला त्याचा दुसरा अर्थ कसा सुचावा?

आता मागच्या रविवारकडे ये. माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजले होते. वैद्यबुवांनी बजावलं होतं, की बाई, वायपर करा, हॉर्न करा, ब्रेक माझ्याकडे. मी हटून बसले. शेवटी तह असा झाला, की काम मी करायचं आणि त्यांनी हात पाठीमागे बांधून शेजारी उभं राहायचं. सकाळचं छान ऊन होतं. बाबांनी आपली खुर्ची दारात ओढून घेतली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. मी डावं चाक काढलं, पॅड धरणारा कॅलिपर सोडवून दोरीनं वर टांगला, म्हणजे त्याचा भार ब्रेकच्या नळीवर येत नाही, जुने पॅड काढले, नवे बसवले. वैद्यबुवा दोनदा खाकरले, म्हणजे मी दोनदा चुकले. चाक चढवलं, जॅक उतरवला, नट समोरासमोरचे आवळले. मग घरात जाऊन नेलपॉलिश आणली आणि चारी नटांवर रेघा ओढल्या. का ओढल्या विचारू नकोस, हातानंच ओढल्या. रंग कोणता होता ते सांगायला नको.

उभी राहिले आणि शंका आली. आतली ती छोटी पट्टी खाचेत बसली ना? परत बघून घ्यावं म्हणून मी पाना नटाला लावला. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. बाबा काठीशिवाय उभे होते.

“उघडू नकोस,” ते म्हणाले.

मी थट्टेनं म्हटलं, बाबा, तपासलेला पेपर पुन्हा तपासावा, हे तुमचंच शिक्षण.

“मी उघडलं होतं. त्याचं चाक. तो पेपरला गेल्यावर.”

वैद्यबुवा शहाणे. ते हात धुवायला नळावर गेले आणि तिथं त्यांना बराच वेळ लागला.

बाबांनी जे सांगितलं ते असं. तू गेल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे चाक उतरवून तुझं काम पाहिलं. एकही चूक नव्हती. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, म्हणून मीही लिहिते: एकही चूक नव्हती. पॅड, पिना, दोरीची गाठसुद्धा त्यांच्यासारखी मारली होतीस, ती तिथंच पडली होती. त्यांनी चाक परत चढवलं, नट हातानं फिरवून बसवले, जॅक उतरवला, आणि पाना उचलणार तोच आईनं आतून हाक मारली. ऑफिसचा फोन, एक नकाशा ताबडतोब हवा होता. ते आत गेले, फोनवर बोलले, शर्ट बदलला, नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि गाडीत बसले. नट आवळायचे राहिले, म्हणून पांढरी रेघही राहिली. रेघ काम संपल्यावर ओढायची असते, आणि काम संपलंच नव्हतं.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीत? बाबांनी माझ्याकडे पाहिलं ते मी पहिल्या यत्तेतला प्रश्न विचारल्यासारखं. म्हणाले, सांगायचं काय? त्याला माहीतच होतं. त्यानं नट आणून माझ्यापुढे ठेवला. त्याला म्हणायचं असेल, बघा, तुमची खूण नाही. बरोबरच होतं त्याचं. त्यानंतर कुठल्या तोंडानं मी पाना धरायचा? दिलं सगळं गॅरेजला. तो निघून गेला तेही बरोबरच होतं.

मी जमिनीवरच बसले. धाकट्या, एका सूत्रावर दोन भाष्यकार सत्तावीस वर्षं भांडतात, हे मी पोथ्यांत पाहिलंय. पण दोघं भाष्यकार भांडतच नाहीत, प्रत्येक जण समोरच्याचं म्हणणं मान्य करून मान खाली घालून बसलाय, असा ग्रंथ माझ्या पाहण्यात नव्हता. तू त्या स्टुलावर कबुली ठेवलीस. त्यांनी ती आरोप म्हणून उचलली. आणि त्या नटाचा अर्थ दोघांनाही इतका स्वच्छ वाटला, की विचारायची गरजच पडली नाही. तिसरी भाष्यकार मी, सगळ्यांत ढ; मी गुडघ्याचं कारण घेऊन बसले होते. तुला दिलेला शब्द त्या क्षणी मोडला आणि तुझा पाठ बाबांना सांगितला. ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, “म्हणून तो सायकलसुद्धा दुकानात नेतो?” बघ, अहवाल त्यांनाही पोचतात. नंतर ते उठून आत गेले आणि नकाशांच्या काळातली ती निळ्या मखमलीची कंपासपेटी घेऊन आले. कर्कटकाच्या खाचेत, कर्कटक काढून टाकून, तो नट ठेवलेला होता. दुपारी त्यांनी तुला फोन लावला. आधी पाणी प्यायले, घसा साफ केला, आणि मग जे काही बोलले ते तुला माहीत आहे. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, ऊन आहे म्हणतो. आणि मग, तूच लिही.

म्हणून लिहिते आहे. आता पाकिटातला कापूस उलगड. नट तोच आहे. लाल खूण तुझी, फिकी पडली आहे पण आहे. तिच्यावरची पांढरी रेघ ताजी आहे, परवाची. रंगाची डबी वैद्यबुवांनी आणून दिली. जरा वाकडी आलीय, कारण ऐंशीव्या वर्षी हात थरथरतो, आणि पुसून पुन्हा ओढते म्हटलं तर मला ओढू देईनात. तेव्हा सत्तावीस वर्षं उशिरा का होईना, तू उत्तीर्ण झालास. पेढे मागणार नाही, पण तो नट तू ऐकायचं आता बंद कर. दुसरं असं, की माझ्या गाडीचं डावं चाक झालंय आणि उजवं राहिलंय. एका बाजूला नवे पॅड आणि दुसरीकडे जुने, अशी गाडी रस्त्यावर आणायची नसते, असं वैद्यबुवा रोज येऊन सांगतात, आणि रोज बाबा त्यांना दारातूनच परत पाठवतात. मी आठ दिवस पायी शाळेत जाते आहे आणि माझ्या वयाला ते शोभत नाही. लेकीलाही घेऊन ये, चाक कसं काढतात ते बघू दे. परतीचं तिकीट मात्र काढू नकोस. बाबांनी पाना तेल पुसून खुर्चीखाली ठेवलाय आणि तुला एवढाच निरोप द्यायला सांगितलाय: “उजवं त्याला करू दे. मी उघडून बघणार नाही.”

वाट बघत असलेली, आणि पायी चालून दमलेली,
तुझीच,
ताई